मल्ल आणि त्याचे पाठीराखे

शाळेच्या वार्षिकात मल्लांच्या कथा याव्यात याचे कित्येक पालकांस नवल वाटेल, काहींस विषादही वाटेल. वाणगावापासून बोईसरपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात मिरचीची वाडी, कारखान्याची पाळी आणि आगगाडीची वेळ यांतून ज्यास उसंत मिळते, तो मुलाच्या गुणपत्रिकेविषयी विचारतो; त्याच्या दंडाविषयी विचारीत नाही. हे योग्यच आहे. परंतु मुले आम्हांस हल्ली निराळेच प्रश्न विचारू लागली आहेत. ब्राझील देशातील अमुक मल्ल जाळीच्या पिंजऱ्यात प्रतिस्पर्ध्यास कितव्या मिनिटास शरण आणतो आणि एका झुंजीबद्दल त्यास किती डॉलर मिळतात, हे त्यांस मुखोद्गत असते. ब्राझीलची राजधानी विचारावी तर मात्र ‘रिओ’ असे उत्तर येते. (ती ब्राझिलिया आहे, हे या निमित्ताने येथे लिहून ठेवतो.)

मुलांच्या या आवडीस नाके मुरडण्याऐवजी तिचे मूळ पाहावे असे आम्हांस वाटले, आणि ते मूळ मोठे मनोरंजक निघाले. मित्सुयो मायेदा नावाचा एक जपानी ज्युदोपटू देशोदेशी बक्षिसांच्या झुंजी खेळत खेळत १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचला. पुढे ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम या शहरी त्याने वस्ती केली. तेथे कार्लोस ग्रेसी नावाचा एक तरुण त्याच्यापाशी शिकला, व कार्लोसपासून ती विद्या त्याच्या भावांकडे गेली. धाकटा भाऊ एलिओ अंगाने किरकोळ होता. त्याने असे डाव घासूनपुसून घेतले की, ज्यांत बळापेक्षा तरफेचे काम अधिक. तरफेचा जो नियम आमची मुले विज्ञानाच्या तासाला जांभया देत शिकतात, तोच नियम मनुष्याच्या कोपरास व खांद्यास लावला म्हणजे ती विद्या झाली. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरी निरनिराळ्या युद्धप्रकारांतील वीरांचा सामना भरविला गेला. त्यात एलिओचा पुत्र रॉइस याने आपल्याहून भारी गड्यांस एकामागून एक शरण आणले. हल्लीच्या पिंजऱ्यातील झुंजींचा पसारा तेथून वाढला.

या घराण्याच्या इतिहासातील एक प्रसंग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. १९५१ च्या ऑक्टोबर महिन्यात रिओच्या माराकाना क्रीडांगणावर एलिओ ग्रेसी व जपानचा मासाहिको किमुरा यांची गाठ पडली. किमुरा वजनाने आणि बळाने पुष्कळच अधिक. त्याने एलिओचा हात असा काही मुरगळून धरला की सोडवणूक नाही. शरण येण्याची खूण करावी तर एलिओ ती करीना. अखेर थोरला भाऊ कार्लोस काठावर उभा होता, त्याने झुंज थांबविली. किमुराच्या त्या डावास आजही ‘किमुरा’ असेच म्हणतात. ही हकीकत ऐकून मुले एलिओच्या सहनशक्तीवर खूष होतात. आमचे लक्ष मात्र कार्लोसकडे जाते. गडी हट्टास पेटला असता त्याच्या वतीने निर्णय घेणारे आपले माणूस काठावर हजर होते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

यानंतर नऊच महिन्यांनी, १९५२ च्या जुलैमध्ये, फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथे आपल्या महाराष्ट्राचा एक मल्ल गादीवर उभा होता, आणि त्याच्या बाजूने बोलणारे कोणीही काठावर नव्हते. त्या मल्लाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. ज्या मुलांस रॉइस ग्रेसी ठाऊक आहे त्यांतील बहुतेकांस हे नाव आम्ही सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. म्हणून हा लेखप्रपंच.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी भूमिगतांस आसरा दिला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी कुस्तीस राजाश्रय दिलेले, खासबागेच्या मैदानाचे नगर. तेथे पेठोपेठी तालमी, वस्तादांचा दरारा आणि हलगीच्या तालावर लाल मातीत उतरणारे गडी. अशा नगरीत हा लहानखुऱ्या चणीचा विद्यार्थी क्रीडाशिक्षकांच्या प्रथमदर्शनी डोळ्यांत भरला नाही व कॉलेजच्या स्पर्धेत त्यांचे नाव घेतले गेले नाही. ते थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि मग या विद्यार्थ्याने आपल्याहून थोराड गड्यांस पाठ टेकावयास लावली. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. आमच्या मुलांस येथे एक भेद समजावून सांगितला पाहिजे. मातीतील कुस्ती आणि गादीवरील कुस्ती या सख्ख्या बहिणी असल्या तरी त्यांचे स्वभाव निराळे. मातीत पाय रुततो व पकड घट्ट बसते. शिवाय प्रतिस्पर्धी चितपट होईपर्यंत, मग तास लागो की दोन तास, निकाल लागत नाही. गादीवर पाय सरकतो, घड्याळ चालू असते, आणि पाठ न टेकताही गुणांवर हार होते. खाशाबांचे सारे शिक्षण मातीतले. लंडनला रीस गार्डनर या अमेरिकन गुरूंनी त्यांस गादीचे तंत्र थोडक्या दिवसांत शिकविले. एवढ्या शिदोरीवर त्यांनी सर्वांत हलक्या वजनाच्या गटात सहावा क्रमांक मिळविला.

चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली. आता राजाश्रय नव्हता, संस्थान विलीन झाले होते. निवडीच्या सामन्यात एका गुणाने आपल्यावर अन्याय झाला अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली, आणि या वेळी प्रतिस्पर्ध्यास चीत करून गुणांचा प्रश्नच मिटविला. राहता राहिला पैशाचा प्रश्न. गोळेश्वर व आसपासच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हात सैल केला. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे तेच प्राचार्य, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर, यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

या वाक्यावर आम्ही स्वतः पुष्कळ वेळ थांबलो. आम्हीही शिक्षकच आहोत. विद्यार्थ्यास उत्तेजन द्यावे, शिफारसपत्र द्यावे, फार तर खिशातून प्रवासखर्च द्यावा, इथपर्यंत आमच्या व्यवसायाची पोच असते. घर ही एकट्या शिक्षकाची वस्तू नसते. त्यात बायकामुलांचा आसरा असतो. आणि हे घर कशावर लावले? परक्या मुलखात, निसरड्या गादीवर, अर्ध्या घटकेत निकाल लागणाऱ्या खेळावर. मुलगा पहिल्याच फेरीत हरून परत आला असता तर खर्डेकरांस गावाने शहाणे म्हटले नसते. मोशे हात उंच धरून थकला तेव्हा अहरोन व हूर यांनी दोन बाजूंनी त्याचे हात सावरून धरले, ही कथा आमची मुले रविवारच्या शाळेत शिकतात. लढाई खाली यहोशवा लढत होता, हात वर मोशेचे होते, आणि त्या हातांखाली हे दोघे. खर्डेकरांस आम्ही या दोघांच्या पंक्तीस बसवितो.

हेलसिंकीस खाशाबा सत्तावन्न किलो वजनाच्या गटात खेळले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस त्यांनी हरविले. मग गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशिईशी. हा इशिई मूळचा ज्युदोपटू. जी विद्या मायेदाने ब्राझीलला नेली तीच अंगात भिनलेला. ही कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक काळ चालली आणि खाशाबा थोडक्यात हरले. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले एकुलते एक सुवर्णपदक याच इशिईचे होय, यावरून जोड किती तोलाची होती ते कळेल. कुस्ती संपली, घाम निथळत आहे, छाती भात्यासारखी चालली आहे, तोच पुकारा झाला की पुढील कुस्तीस उभे राहा. समोर सोव्हिएत संघाचा राशिद ममादबेयोव. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. परंतु नियम कागदावर असतो. तो पंचांपुढे मांडावयास मुखत्यार लागतो. भारताच्या पथकातील एकही अधिकारी त्या वेळी गादीपाशी नव्हता. थकलेल्या मल्लाने मोडक्यातोडक्या शब्दांत हुज्जत घालावी, की उरले बळ राखून लढावे? खाशाबा लढले आणि हरले. ममादबेयोवास रौप्यपदक मिळाले, खाशाबांस कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरे यावयास १९९६ साल उजाडावे लागले, ते टेनिसमध्ये लिअँडर पेस यांच्या हातून.

कऱ्हाडास ते परतले तेव्हा स्वागतास शंभरावर बैलगाड्या जुंपल्या होत्या. स्थानकापासूनचा काही मिनिटांचा रस्ता कापावयास मिरवणुकीस सात तास लागले म्हणतात. गुलाल उतरल्यावर खाशाबांनी जे केले ते मिरवणुकीपेक्षा आम्हांस मोठे वाटते. त्यांनी कोल्हापुरास कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत उतरले, जिंकले, आणि बक्षिसाची रक्कम नेऊन प्राचार्यांचे गहाण घर सोडवून दिले. जगातील तिसरा मल्ल पुन्हा लाल मातीत उतरला तो गुरूच्या दाराची कडी मोकळी करण्यासाठी! एका झुंजीचे डॉलर मोजणाऱ्या आमच्या मुलांनी हाही एक हिशेब मांडून पाहावा.

पुढील आयुष्य झटपट सांगण्याजोगे आहे, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच घडू दिले गेले. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढील ऑलिंपिक हुकले. सत्तावीस वर्षे नोकरी करून साहाय्यक पोलीस आयुक्त या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले, आणि मग निवृत्तिवेतनासाठी त्यांस झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई सामन्यांच्या ज्योतिधावनात त्यांस मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. मानसन्मान आले ते मागाहून. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव दिले गेले. हल्ली महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडादिन म्हणून पाळतात. परंतु गोळेश्वर येथे जाहीर झालेली कुस्तीची प्रबोधिनी वर्षानुवर्षे उभी राहीना, म्हणून २०१७ साली त्यांच्या घरच्यांनी ते कांस्यपदकच लिलावात काढण्याची भाषा केली होती. ज्या पदकापायी एक घर गहाण पडले व सुटले, त्या पदकाची ही गत.

तेव्हा खेळात काय मिळते, असे जे पालक आम्हांस विचारतात, त्यांस आम्ही खाशाबांचे उदाहरण देऊन ‘सर्व काही मिळते’ असे सांगू शकत नाही. ते खोटे ठरेल. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले व रेल्वेने बढती दिली. काळ इतका पालटला आहे खरा. मात्र आमच्या मते काळ पालटल्याची खूण त्या कोटीपेक्षा दुसरीकडेच आहे.

त्याच पॅरिसच्या सामन्यांत हरियाणाचा अमन सेहरावत कुस्तीत कांस्यपदकासाठी उभा होता, आणि तोही खाशाबांच्याच सत्तावन्न किलोच्या गटात. आदल्या दिवशी उपान्त्य सामना जपानी मल्लाकडून हरल्यावर त्याचे वजन मर्यादेहून साडेचार किलोंनी अधिक भरले. सकाळच्या वजनकाट्यापूर्वी ते उतरले नाही तर सामना न खेळताच बाद. तेव्हा त्याने तालमीच्या गादीवर कुस्ती केली, ऊन पाण्यात बसला, पट्ट्यावर धावला, वाफेच्या खोलीत घाम काढला. दहा तासांत वजन उतरले. त्या रात्रभर दोन प्रशिक्षक त्याच्यासोबत जागे होते.