फिल्टरची आतली बाजू

एअर फिल्टर कधी बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना तीस-चाळीस हजार किलोमीटर, आणि त्याखाली बारीक अक्षरात, धुळीच्या भागात त्याआधी. माझं काम त्या बारीक अक्षरातल्या ओळीपासून सुरू होतं. कोल्हापुरात धुळीचा भाग कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे पुस्तक छापणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही.

उद्यमनगरात गॅरेज असलं की चारी दिशांची धूळ आपल्या टेबलावर येते. शिरोली एमआयडीसीत रोज जाणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर काळपट, बारीक धूळ असते. बोटांत चोळली तर करकरते. ती फौंड्रीची वाळू. राधानगरी-शाहूवाडीकडच्या गाड्यांना तांबडी माती, आणि बॉक्साइटच्या ट्रकांमागून धावणारी गाडी असेल तर कागदाच्या घडीच्या तळापर्यंत विटकरी रंग. साखर कारखान्यांचा हंगाम लागला की उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरच्या डब्यात पाचटाचे तुकडे आणि फडातल्या जाळाची काजळी निघते. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की गुलालानं गुलाबी झालेले फिल्टर यायला लागतात.

गुलाबी फिल्टर बघून मालक हबकतो. "अण्णा, हा गेलाच की!" मी तो हातात घेऊन उलटा करतो, तळहातावर हलकेच आपटतो. गुलाल वरवरचा असतो, बराचसा झडतो. खालचा कागद धड असेल तर तोच परत बसवतो. उलट शिरोलीच्या गाडीचा फिल्टर बघणाऱ्याला बरा वाटतो. नुसता राखाडी तर झालाय, म्हणतो. तो मी बदलतो. रंगावरून फिल्टर ओळखू नये हे गॅरेजमधल्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात शिकवतो, कारण गिऱ्हाईक नेमकं रंगच बघतं.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. कोल्हापूर ते गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर. तेवढ्यात साधी पेट्रोल गाडी तीस हजार लिटरच्या पुढं हवा ओढते. त्या हवेतला दगडगोटा इंजिनाला मारत नाही, तो डब्यातच पडतो. मारतो तो पाच ते वीस मायक्रॉनचा कण, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्यात हा कण मावतो आणि दोन्हीकडं घासतो. वाळूतली सिलिका बिडापेक्षा कठीण, त्यामुळं झिजतं ते बीड. पुढं गाडी ऑइल खायला लागते, कॉम्प्रेशन उतरतं, निळा धूर येतो, आणि वरचेवर तेल टॉपअप करत मालक म्हणतो, इंजिनच हलकं निघालं. ज्या गावात पिस्टन आणि सिलिंडर हेड ओतले जातात, त्या गावात एका कागदापायी इंजिन उतरवावं लागलं की मला मनापासून वाईट वाटतं.

आता जी गोष्ट लोकांना पटत नाही ती. कोरा फिल्टर सगळ्यांत चांगला गाळत नाही. कागदाच्या धाग्यांत थोडी धूळ बसली की मधल्या फटी आणखी बारीक होतात आणि तो अधिक बारीक कण अडवायला लागतो. म्हणून थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा इंजिनाला जास्त जपतो. हे एकदा कळलं की दर सर्व्हिसिंगला कॉम्प्रेसरची नळी घेऊन फिल्टरवर हवा मारायच्या सवयीकडं वेगळ्या नजरेनं बघावं लागतं.

"बदलतोस कशाला भावा, हवा मारून दे की!" हे वाक्य कोल्हापुरातल्या प्रत्येक गॅरेजात रोज ऐकू येतं, आणि हवा मारली की धुरळा उडतो म्हणून गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं. पण कॉम्प्रेसरचा दाब टायरमधल्या दाबाच्या तिप्पट-चौपट असतो. नळी जवळ नेली की कागदाचे धागे फाकतात, डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. बाहेरच्या बाजूनं मारली तर धूळ उलट आत रुतते. मारायचीच झाली तर स्वच्छ बाजूनं बाहेर, लांबून, दाब कमी करून, आणि एका फिल्टरला एखाद्याच वेळी. चोंदलेला फिल्टर इंजिनाची हवा अडवतो, फाटका फिल्टर वाळू आत सोडतो. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी चोंदलेला पत्करेन.

जुन्या वडापच्या जीपांना आणि ट्रॅक्टरना ऑइल बाथ होता, तिथं हा प्रश्नच नव्हता. डब्याच्या तळाला तेल, धूळ त्यात बसून तिचा चिखल व्हायचा. चिखल काढून टाकायचा, तेल नवं घालायचं. गाळणं मात्र आजच्या कागदाइतकं बारीक नव्हतं.

मायलेजवरून फिल्टर ओळखता येतो ही समजूतही कार्बुरेटरच्या काळातली. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये चाचण्या घेतल्या, त्यात इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचा फिल्टर चोंदवूनही मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो पिकअपमध्ये. साहजिक आहे. हवा कमी आली की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो, आणि ड्रायव्हर नकळत पाय जास्त दाबतो. म्हणून मी "ॲव्हरेज किती पडतं?" असं विचारत नाही. आंबा घाट चढताना गिअर आधी टाकावा लागतो का, हे विचारतो. डिझेलवाल्याला विचारतो, मागच्याला काळा धूर दिसतो का.

मग डबा उघडतो. आधी वरून कापड फिरवायचं, नाहीतर झाकणावरची माती आपणच आत पाडतो. फिल्टर सरळ उचलायचा, आडवा झटकायचा नाही. पहिली नजर धुळीच्या बाजूला द्यायची नाही. फिल्टरच्या पलीकडं, इंजिनाकडं जाणाऱ्या पाइपात पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवायचं. फडकं कोरं आलं तर कितीही काळा फिल्टर असो, घाई नाही. फडक्यावर धुळीची रेघ आली तर कालचा फिल्टर असला तरी तो जातो, आणि मग कडेचं रबर बघायचं: एका कोपऱ्यात चपटं झालेलं असतं, किंवा झाकणाची एखादी क्लिप तुटलेली असते. त्यानंतर घड्या अंगठ्यांनी उघडून तळ बघायचा. तळ मोकळा दिसला तर फिल्टरमध्ये दम आहे. घडी तळापर्यंत भरून बुजलेली असेल, तर संपला. कागदावर तेलाचे डाग असले तर फिल्टर बदलून भागत नाही, इंजिनाचा श्वास उलटा येतोय का ते बघावं लागतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्कातल्या गाड्या पाण्यात गेल्या, तेव्हा याच डब्यानं सगळ्यांत आधी खरं सांगितलं. चावी फिरवण्याआधी फिल्टर काढायचा. कोरडा असेल तर इंजिनात त्या वाटेनं पाणी गेलेलं नाही. ओला असेल तर सेल्फ मारायचाच नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून इंजिन हातानं फिरवायचं.

एरवी माझा हिशोब असा. आपल्याकडं फिल्टर बदलायचा खरा महिना मे. उसाचा हंगाम उरकलेला असतो, यात्रा झालेली असते, उन्हाळ्याचा फुफाटा पोटात साठलेला असतो. तोच फिल्टर पावसात नेला तर गगनबावड्याच्या दमट हवेत ती धूळ ओलसर होऊन कागदावर लिंपली जाते, आणि जूनमध्ये चालणारी गाडी जुलैत दम खायला लागते. म्हणून शंका असली तर मेअखेर बदला म्हणतो, आणि झाकणाच्या आत मार्करनं तारीख, किलोमीटर आणि गाडीचा रोजचा रस्ता लिहून ठेवतो. महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम चालू असेल तोवर, त्या धुळीमुळं, शिरोली ते कागल रोज करणाऱ्यांना मात्र हे वेळापत्रक लागू होत नाही. त्यांना मी दर दोन महिन्यांनी फडकं फिरवायला बोलावतो. त्याचे पैसे घेत नाही.