सिग्नलवरची शांतता

नवी छोटी गाडी आल्यापासून सिग्नलवरचं थांबणं बदललं आहे. न्यूट्रल करून क्लचवरचा पाय काढला की इंजिन आपोआप बंद होतं. सुरुवातीला छातीत धस्स व्हायचं. गाडी बंद पडण्याची आणि मागच्या हॉर्नची भीती अंगात मुरलेली. आता मी त्या शांततेची वाट पाहते. सिंहगड रस्त्यावर शेजारच्या रिक्षातलं गाणं, गजरेवालीची हाक, असं काहीबाही आत येतं. इतकी वर्षं आपण नुसतं उभं राहण्यासाठीही पेट्रोल जाळत होतो, हे तेव्हा जाणवतं आणि वाईट वाटतं.

मे महिन्यात मात्र इंजिनाबरोबर एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, वारा कोमट होत जातो. आई शेजारी असली की मी गोल बाणाचं बटण दाबून इंजिन आपोआप बंद होण्याची ही सोय बंदच करते. तिच्या दम्यापुढे पेट्रोलचा हिशेब कसला? पण चालू इंजिनाचा धूर बाहेर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी आईकडे जातोच ना... याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

इंजिन गार असलं किंवा बॅटरी उतरलेली असली, तर गाडी स्वतःच इंजिन बंद करत नाही. हे मला फार आवडतं.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर बॅटरी बदलताना मूळच्याच प्रकारची, ईएफबी किंवा एजीएम, घ्या. साध्या बॅटरीला इतक्या वेळा इंजिन स्टार्ट करणं फार काळ सोसत नाही.