नव्या सूर्याच्या अमलाखाली

इ. स. १९०६ च्या आरंभी सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ मुक्रर केली, तेव्हा मुंबई शहराने तिला सहजासहजी मान दिला नाही. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली ती वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. त्या ३९ मिनिटांसाठी सभा भरल्या, तक्रारअर्ज गेले, गिरणीतल्या कामगारांत असंतोष पसरला, आणि मुंबईवेळ या ना त्या रूपाने थेट १९५५ पर्यंत शहरात तग धरून राहिली. ही हकिगत वाचताना त्या नागरिकांविषयी मला आदरच वाटत आला आहे. कारण आपल्या माथ्यावरचा सूर्य जे सांगतो तेच खरे मानावे, दूरच्या कचेरीतून आलेला हुकूम नव्हे, अशी एक पुरातन निष्ठा त्या विरोधाच्या मुळाशी होती. आणि मे महिन्याच्या सुट्टीत लेकरांना, सुनेला, वृद्ध आईला बरोबर घेऊन आपण मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला निघतो, तेव्हा तीच निष्ठा अंगी बाळगणाऱ्या देहाला एका प्रवासात साडेबारा तासांचा फरक निमूटपणे मान्य करावयास सांगत असतो.

पूर्वीच्या प्रवाशावर हा प्रसंग येत नसे. मुंबईच्या धक्क्यावरून विलायतेस निघालेल्या आगबोटीला पंधरा-वीस दिवस लागत, आणि बोट पश्चिमेकडे सरकेल तसतसे तिच्यावरचे घड्याळ थोडेथोडे मागे घेतले जाई. त्यामुळे एडन मागे पडून सुएझचा कालवा ओलांडीपर्यंत प्रवाशाची झोप आणि भूकही त्याच संथ गतीने, त्याला नकळत, नव्या आकाशाखाली रुळत जात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हा या वाटेने लंडनला गेले, आणि समुद्रावरचे ते आठवडे आकाशातल्या तासांवर आले. रेखांशाच्या दर अंशाला चार मिनिटे हा सूर्याचा हिशेब मात्र होता तसाच राहिला. वेग वाढला तो यंत्राचा. देहाने आपली चाल बदलल्याचे कोणत्याही काळात कोणी पाहिलेले नाही.

ही चाल देहात किती खोल मुरलेली आहे, याचा पहिला पुरावा एका लाजाळूने दिला. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात बंद करून ठेवले, तर सूर्यदर्शन नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. काळाचे भान त्या रोपाच्या आतच होते. माणसाच्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंचा जेथे छेद होतो त्याच्या किंचित वर, सुमारे २०,००० पेशींचा एक इवला पुंजका आहे. निद्रा, जागृती, देहाचे तापमान यांचा दैनंदिन क्रम तेथून चालतो. पेशींच्या आत हे कालमापन कसे घडते, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पुंजक्याला हुजूर कचेरी मानले, तर यकृत, जठर, आतडी हे तिच्या ताब्यातले दूरदूरचे महाल होत. अंमल बदलला की हुजुरात नवा हुकूम आधी पोचतो. महालांत तो मागाहून जातो, आणि मधल्या मुदतीत एक कारकून जुन्या दफ्तरानुसार वसुली करीत असतो, तर दुसरा नव्या. ज्याला आपण सारे जेट लॅग म्हणतो, ती ही मधली मुदत. त्यात कोणी आजारी नसतो. एका देहात काही दिवस दोन देशांचा अंमल चालू असतो, इतकेच.

अशाच एका सुट्टीत आमचे कुटुंब माझ्या धाकट्या बहिणीकडे, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला, मुक्कामाला गेले. विमानातल्या त्या दीर्घ रात्रीविषयी फार लिहिण्याजोगे काही नाही. एवढे मात्र जाणून असावे, की विमानातील हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही उंच अशा एखाद्या कोरड्या, गार डोंगरमाथ्यावर आपण तासन्‌तास बसून असतो. वृद्धांचे पाय सुजतात आणि मुलांचे ओठ सुकतात ते यामुळे व एका जागी खिळून राहिल्यामुळे. म्हणून मधूनमधून उठून चालावे, पाणी पीत राहावे, आणि विमान सुटताच मनगटावरचे घड्याळ पोचण्याच्या गावाच्या वेळेवर लावून मनाला तरी पुढे रवाना करावे.

पहिल्या रात्री एकच्या सुमारास धाकटी नात अंथरुणात उठून बसली आणि अगदी स्पष्ट शब्दांत म्हणाली, “आजोबा, वरणभात.” मुंबईत तेव्हा दुपारचा दीड वाजला होता, तिच्या पोटाने रीतसर मागणी केली होती. मी तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आलो, तो चिरंजीव खिडकीशी उभे होते, सूनबाई पाण्याचा पेला हाती घेऊन बसल्या होत्या, आणि मोठा नातू मोबाइलच्या निळसर उजेडात तोंड घालून जिन्याच्या पायरीवर होता. दिव्याच्या बटणाकडे माझा हात गेला तोच बहीण बाहेर आली आणि दबल्या आवाजात म्हणाली, “दादा, मोठा दिवा नको. शेगडीवरचा बारीक दिवा पुरे. लख्ख उजेड पडला की मेंदूला वाटतं सकाळ झाली, मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही. आणि बाळा, तो मोबाइल इकडे दे.” फ्रिजमधून तिने स्टीलचे दोन डबे काढले, त्यांत आदल्या दिवशीच करून ठेवलेले वरण आणि मऊ भात होता. भारतातून माणसे येणार म्हटले की हे डबे भरून ठेवण्याची रीत तिच्या घरात सासूसासरे प्रथम आले तेव्हापासून चालत आलेली. नातीला तिने चार घास तुपाशी कालवून दिले, पोटभर वाढले नाही. मध्यरात्री पोट भरले तर जठराला तीच जेवणाची वेळ वाटेल, हे तिने अनुभवाने जाणलेले. त्या मंद उजेडात कोणी फारसे बोलत नव्हते. वाटीवर चमचा लागल्याचा आवाज, फ्रिजची घरघर, आणि घास गिळताना जड होत गेलेल्या नातीच्या पापण्या. इतक्या वर्षांच्या एकत्र संसारात मध्यरात्री आम्ही सारे एका टेबलाभोवती असे कधी बसलो नव्हतो, आणि त्या बसण्यातली जवळीक मला पुढे पाहिलेल्या कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाहून कमी मोलाची वाटत नाही.

झोप परतेना म्हणून पहाटे पावणेसहाला मी परसात गेलो. पूर्वेच्या टेकड्यांवर फिकट प्रकाश फुटत होता. मुंबईत त्या क्षणी सायंकाळचे सव्वासहा होऊन गेले होते आणि दादरच्या चौपाटीवर सूर्य पाण्याकडे कलला असणार. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी रागसमयाचे जे शास्त्र मांडले, त्यात दिवसरात्रीच्या सांध्यांवर गायच्या रागांना संधिप्रकाश राग म्हटले आहे. कोमल ऋषभ दोन्ही सांध्यांना समान. परंतु पहाटेच्या भैरवात मध्यम शुद्ध, आणि सायंकाळच्या पूर्वीत तीव्र मध्यमाचे प्राबल्य, म्हणून मध्यमाला त्यांनी वाट दाखविणारा स्वर मानले. त्या परसात मला या विचाराचे मर्म अंगाने कळले. प्रकाश तोच होता, हवेतली ती अधीरताही तीच. केवळ मध्यम कोणता लावावा, याचा निर्णय देहाला करता येत नव्हता.

घरातील प्रत्येकाची गती निराळी, हा या प्रवासाचा खरा पेच. नात दुपारी जेवताजेवता ताटावरच झोपी जाई. मोठा नातू, ज्या वयात देहाचा कल मुळातच उशिरा निजण्याकडे असतो त्या वयाचा, दुपारपर्यंत हलत नसे. चिरंजिवांना वाटे, मोजकी रजा काढून आलो आहोत, एकही दिवस वाया जाऊ नये. योसेमिटीचे खोरे तेथून मोटारीने चारेक तासांवर, आणि दुसऱ्याच दिवशी निघावे अशी त्यांची तजवीज होती. बहिणीने ती शांतपणे मोडून काढली. “अरे, तू गाडी चालवत असशील तेव्हा तुझ्या अंगात पहाटेचे तीन वाजलेले असतील. डोंगर कुठे पळून जात नाही,” ती म्हणाली. अपुऱ्या झोपेने गाडी हाकणे हे नशेत हाकण्याइतकेच घातक आहे, आणि उतावीळ पर्यटकाच्या यादीत ही गोष्ट बहुधा नसते.

या साऱ्यांत आधी सावरली ती ऐंशी ओलांडलेली आमची आई. वय वाढते तसे हे रुळणे अवघड होत जाते असे वैद्यकशास्त्र सांगते, म्हणून तिचीच काळजी अधिक होती. पण तिचा दिवस कधी घड्याळावर चाललाच नव्हता. उजाडले की स्नान, स्नानानंतर तुळशीला पाणी, मग उन्हात जपमाळ, आणि सूर्य मावळला की देवापाशी दिवा, हा तिचा आयुष्यभराचा नेम. बहिणीच्या परसात कुंडीत तुळस होती. तिच्याशेजारी खुर्ची टाकून आई सकाळचे ऊन अंगावर घेत बसे. पहिल्या सायंकाळी सात वाजले, साडेसात वाजले, तरी ऊन उतरेना, तेव्हा सूनबाईंनी विचारले, “आजी, दिवा लावायचा ना? सात कधीच वाजून गेले.” आईने खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाली, “दिवस मावळू दे. दिवा सूर्याला विचारून लावायचा, घड्याळाला नाही.” सव्वाआठच्या सुमारास अंधारू लागल्यावर तिने समई पेटविली, हात जोडले, भातपिठल्याचे दोन घास खाल्ले आणि निजायला गेली.

शास्त्र तरी याहून निराळे काय सांगते? देहाच्या घड्याळाला नव्या वेळेवर आणणारी सर्वांत समर्थ वस्तू उजेड, आणि तो दिव्याचा नव्हे, आकाशाचा. त्याच्या पाठोपाठ जेवणाची वेळ. कारण ते दूरचे महाल उजेडापेक्षा अन्नाचा हुकूम अधिक मानतात. माणसाचे आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते, म्हणून दिवस लांबविणे त्याला सोपे आणि आखूड करणे कठीण. पश्चिमेकडे जाताना दिवसाकाठी सुमारे दीड तास, पूर्वेकडे जाताना सुमारे एक तास, असा रुळण्याचा ढोबळ हिशेब सांगतात. त्या मापाने साडेबारा तासांच्या फरकाला आठवडा पुरत नाही. दुपारी झोप अनावर झाली तर घटकाभर पडावे, पण कोणाला तरी उठवायला सांगून. अंधार पडला की पिनियल ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. १९५८ साली ते प्रथम वेगळे काढले गेले, आणि आज त्याच्या गोळ्याही मिळतात. मुलांना किंवा वृद्धांना त्या आपल्या मनाने देऊ नयेत. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, किंवा मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या नेमाने घेत असेल, तर कोणती मात्रा कोणत्या देशाच्या वेळेने घ्यायची हे निघण्यापूर्वी वैद्याकडून कागदावर लिहून घ्यावे. या एका कागदाचे मोल पारपत्राहून कमी नाही.

पुढे आम्ही योसेमिटीला गेलो तेव्हा साऱ्यांची भूक एका वेळी लागत होती, आणि एल कॅपिटानच्या त्या प्रचंड पाषाणाखाली उभे राहून नातीने वर पाहिले ते पूर्ण जाग्या डोळ्यांनी. दोनचार स्थळे आमच्या यादीतून गळाली. त्यांची खंत कोणाला आठवतही नाही.

म्हणून जे कोणी मुलाबाळांसह, आईवडिलांसह अशा दूरच्या प्रवासाला निघणार असतील, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच. पहिले तीन दिवस कोरे ठेवा. त्या दिवसांची तिकिटे काढू नका, कोणाला भेटीचा शब्द देऊ नका, गाडी हाती घेऊ नका. सकाळी सर्वांनी मिळून उन्हात चाला, जेवणे त्या गावाच्या वेळेला करा, रात्री दिवे मंद ठेवा, आणि कुटुंबात ज्याचा देह सर्वांत सावकाश रुळतो त्याच्या चालीने बाकीच्यांनी चाला. परत येतानाही हाच फरक पुन्हा भोगावा लागतो, तेव्हा जूनच्या मध्यावर शाळा उघडण्याच्या निदान आठवडाभर आधी मुले घरी पोचतील असे पाहा. रजा थोडी असेल तर स्थळे कमी करा. हे दिवस कमी करू नका.