तो ऑगस्टस नव्हता!

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामानं लंडनच्या दुकानातून माझ्यासाठी एक रोमन नाणं आणलं. चांदीचं, शर्टाच्या बटणाहून थोडं मोठं. सराफाच्या तराजूत पावणेचार ग्रॅम भरलं. त्याचं नाव दिनार, मूळ लॅटिन 'डेनारियस'.

एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला चेहरा आणि भोवती अक्षरं. रोमन लोक 'यू'च्या जागी 'व्ही' कोरत, हे मामानं सांगितलं होतं. त्यामुळे शेवटचा शब्द मला लागला: ऑगस्टस! झालं! दुसऱ्या दिवशी वर्गात माझी ऐट काय विचारता! "हा रोमचा पहिला सम्राट!"

माझ्या बाकावरच्या मित्रानं नाणं निरखून विचारलं, "मग सुरुवातीला टी आणि आय कशाला रे?"

"गप बस! तुला काय कळतंय?" मी सगळ्यांसमोर खेकसलो. तो उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

सुट्टीत संग्रहालयातल्या एका काकांना नाणं दाखवलं. त्यांनी भिंगातून पहिल्या अक्षरापासून वाचलं. "टी-आय म्हणजे टायबेरियस. पुढे लिहिलंय, सीझर, दैवी ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस."

"पण ऑगस्टस लिहिलंय ना?"

काका हसले. "ती पुढं पदवीच झाली. नुसतं 'पेशवे' म्हटलं तर बाजीराव की माधवराव, कसं कळणार?"

मग त्यांनी नाणं उलटलं. मागं बसलेली स्त्री आणि 'मुख्य पुरोहित' ही सम्राटाची पदवी. म्हणजे नाणं टायबेरियसचंच. त्यानं इ. स. १४ ते ३७ राज्य केलं. अशी नाणी दक्षिण भारतात, कोइम्बतूरच्या आसपास, पुष्कळ सापडली आहेत. आपल्या मिरीसाठी रोमन व्यापारी चांदी मोजत!

"पूर्ण ओळ वाच, मागची बाजू बघ, वजन कर, मग नाव घे," काका म्हणाले. "आणि चिंच लावून घासू नकोस हं, अक्षरं झिजतात."

शाळा उघडली. मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "याचं बरोबर होतं, माझं चुकलं." घसा कोरडा पडला होता. मित्र काही बोलला नाही. नुसता सरकून त्यानं बाकावर मला जागा केली.

दोस्तांनो, आजही नाणं हातात आलं की मी आधी पहिलं अक्षर शोधतो.