जुन्या शेगडीचें वय

मनुष्याचें वय विचारूं नये आणि वस्तूचें विचारल्यावांचून राहूं नये, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे. गेल्या उन्हाळ्यांत एका शेगडीनें या दोन्ही गोष्टींची अशी गांठ घालून दिली कीं, ती हकीकत वाचकांस सांगावीशी वाटते.

आम्ही उभयतां कांहीं वर्षांपासून मुलाकडे अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानांत, राहतों. उन्हाळा लागला कीं येथें घरोघरीं मागील अंगणांत गॅसची शेगडी पेटते. इतर लोक तिच्यावर काय भाजतात तें सोडून द्या. आमच्या सूनबाईंनीं वांगीं, कणसें आणि पापड भाजण्याचा बेत केला. नव्या शेगडीची किंमत ऐकून आम्हीं पलीकडच्या आळींतील एका वृद्ध बाईंनीं अंगणांत विकावयास मांडलेली जुनी शेगडी वीस डॉलरांस घेतली. ओतीव ॲल्युमिनियमचें दुपाखी अंग, आंत ज्वालामुखीच्या खड्यांचा थर आणि झांकणाला लांकडाची मूठ. बाई म्हणाल्या, "निक्सनसाहेबांनीं राजीनामा दिला, त्या उन्हाळ्यांत माझ्या यजमानांनीं ही आणली. या अंगणांतलें आमचें पहिलें जेवण हिच्यावरच झालें." म्हणजे साल १९७४.

घरीं येतांच सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, पन्नास वर्षांची गॅसची वस्तु नातवंडें खेळतात त्या अंगणांत ठेवायची?" प्रश्न रास्त होता. या देशांत १ ऑक्टोबर १९९५ नंतर तयार होणाऱ्या अशा शेगड्यांस तीन संरक्षणें सक्तीचीं झालीं: नळी फुटल्यास गॅसचा ओघ आपोआप मर्यादित व्हावा, उष्णता बेसुमार वाढल्यास गॅस बंद व्हावा, आणि सिलिंडराचा सांधा नीट बसला नसेल तर गॅस सुटूंच नये. तेव्हां शेगडीचें वय ही केवळ हौसेची बाब राहिली नाहीं. मुलगा, नातू आणि आम्ही असे तिघे तिला उलटी करून बसलों.

पहिला साक्षीदार सिलिंडर. त्याच्या गळपट्टीवर महिना व साल ठोकलेलें असतें. येथें जून १९९१ होतें. नातवानें लगेच निकाल दिला. परंतु सिलिंडर बदलत राहतात. भाडेकरूच्या वयावरून घराचें वय ठरवितां येत नाहीं. शिवाय हा सिलिंडर निरुपयोगी निघाला. प्रमाणाबाहेर भरला जाऊं नये अशी झडप ज्यांत नाहीं, तो सिलिंडर १ एप्रिल २००२ पासून येथें पुन्हा भरून मिळत नाहीं. नव्या झडपेची चकती त्रिकोणी असते. ही वाटोळी होती.

दुसरा साक्षीदार खडे. वेबर कंपनीनें १९८५ सालीं आपल्या शेगडींत खड्यांऐवजीं धातूच्या उतरत्या पट्ट्या घातल्या, म्हणून ही त्यापूर्वींची असावी, असा चिरंजिवांचा तर्क. पण एकानें नवी रीत काढली म्हणून इतरांनीं जुनी सोडली असें होत नाहीं. हाही साक्षीदार कच्चा.

तिसरा साक्षीदार गॅसच्या नळीचें पितळी टोंक. त्याचे आटे डावीकडे फिरत होते व तें सिलिंडराच्या तोंडाच्या आंत बसत होतें. नव्या रीतीची मोठी, हातानें बाहेरून आवळावयाची चकती त्यास नव्हती. म्हणजे शेगडी १९९५ च्या अलीकडची नव्हे. ही झाली वरची मर्यादा.

चौथा साक्षीदार मात्र अनपेक्षित. बुडाशीं एक पत्र्याची पाटी होती. तिच्यावरील अनुक्रमांक गंजून गेला होता, परंतु कारखान्याचा पत्ता शाबूत होता. येथील टपालखात्यानें आपल्याकडील पिनसारखा पांच आंकडी क्रमांक १९६३ सालीं सुरू केला आणि त्यापुढें आणखी चार आंकडे १९८३ सालीं जोडले. पाटीवर आंकडे होते नऊ! जो क्रमांक १९८३ पर्यंत अस्तित्वांतच नव्हता, तो १९७४ च्या पाटीवर कसा येणार? शेगडी १९८३ ते १९९५ यांच्या दरम्यानची ठरली, आणि बाईंची आठवण खोटी.

येथें आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. पुण्यांत प्लेगाच्या सालीं रँडसाहेबाचा खून झाला तेव्हां आपण रांगत होतों, असें ती सांगे, म्हणजे १८९७. पुढें जुन्या पेटींत तिची जन्मपत्रिका सांपडली. तींत शके १८२१ होतें, म्हणजे १८९९ साल! तेव्हां रांगत होती ती तिची थोरली बहीण. तीर्थरूपांनीं पत्रिका घडी करून परत पेटींत ठेविली आणि आजीला शेवटपर्यंत कांहीं सांगितलें नाहीं.

असो. आधीं सुरक्षितपणा. जुनी नळी वांकवतांच तिला चिरा दिसल्या. ती व रेग्युलेटर टाकून नव्या रीतीचा जोड बसविला. सांध्यांवर साबणाचें पाणी फांसलें. बुडबुडे आले नाहींत. तरी पहिल्याच दिवशीं ज्योत पिंवळी होऊन बर्नरच्या मागून बाहेर आली. बंद करून पाहतों तों गॅस व हवा मिसळणाऱ्या नळींत कोळ्यानें घर केलेलें! येथें हा प्रकार नेहमींचा आहे. तारेच्या ब्रशानें नळी साफ केल्यावर निळी ज्योत लागली. मुलें मात्र दहा हात दूरच ठेविलीं.

पहिलें भरीत घेऊन आम्ही उभयतां बाईंकडे गेलों. त्यांनीं हंसत विचारलें, "मग, किती वर्षांची निघाली?" तीर्थरूपांसारखें गप्प बसावें हें आम्हांस सुचलें नाहीं, आम्हीं टपालाच्या आंकड्यांसह सर्व सांगून टाकलें. बाईंचा चेहरा उतरला. बराच वेळ त्या बोलल्या नाहींत. संशोधनाचा आमचा आनंद तत्काळ मावळला.

तेव्हां सौभाग्यवतींनीं हळूच विचारलें, "झांकणाची ती लांकडी मूठ कोणीं बसविली हो? कारखान्याची दिसत नाहीं."

बाईंनीं मान वर केली. "ती त्यांनींच केली. पहिल्या शेगडीची तुटली म्हणून... हो, पहिलीच! ती गंजून गेली. ही दुसरी. पण मूठ त्यांनीं पहिलीची काढून हिला लावली." आणि त्या डोळे पुसून हंसल्या.

म्हणजे शेगडी निक्सनसाहेबांच्या मागाहूनची, आणि मूठ कदाचित् त्यांच्या वेळची. आठवण अगदींच खोटी नव्हती. तिचा पत्ता तेवढा चुकला होता. सिलिंडर, आटे, पाटी, सर्व आम्हीं तपासलें. परंतु जी वस्तु रोज हातांत येई, तिच्याकडे पाहिलें तें सौभाग्यवतींनीं.

वाचकांनीं जुनी गॅसची वस्तु घरांत आणल्यास तिचें वय अवश्य शोधावें. तेथें भीड उपयोगाची नाहीं. पण तें ज्यानें विकलें त्यास सांगण्यापूर्वीं घरांतल्या मंडळींचा सल्ला घ्यावा, एवढेंच आमच्या अनुभवानें सुचवितों. ती मूठ आम्ही काढून बाईंस परत देऊं लागलों. त्यांनीं घेतली नाहीं, म्हणाल्या, "तिथें असली म्हणजे कामांत राहील."