दस्ताने

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. बाकीचे पाच दिवस मी दिग्रसहून आरामात निघतो, उन्हं वर आलेली असतात. शनिवारी मात्र फजरची नमाज आटोपली की लगेच गाडी काढावी लागते. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी आर्णीच्या रस्त्यावर धुवारी असते. अरुणावतीच्या आसपास तर इतकी दाट, की समोरच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसतो.

उन्हाळ्यात यवतमाळ जिल्हा कसा तापतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आमच्याकडे थंडीही पडते हे बाहेरच्या लोकांना सांगावं लागतं. पारा दहाच्या खाली जातो. आता दहा अंश म्हणजे काही काश्मीर नव्हे, पण गाडीवर बसलं की हिशेब बदलतो. दहा अंशांत ताशी पन्नासच्या वेगाने गेलं, तर उघड्या कातडीला ते पाच-सहा अंशांसारखं लागतं. वारा अंगाजवळची ऊब टिकूच देत नाही. आणि शरीर मोठं हिशेबी असतं. छातीपोटाची ऊब राखायची म्हणून ते आधी बोटांचं रक्त कमी करतं. म्हणून छाती उघडी ठेवून हातात कितीही जाड मोजे घातले तरी बोटं गारच राहतात. अब्बा सायकलवर जाताना शर्टाच्या आत जुना पेपर ठेवायचे. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आता मीही ठेवतो, फरक इतकाच की वरून जॅकेट असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

आमच्यासारख्यांची आणखी एक अडचण असते. वजू. पहाटे टाकीच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतलेले असतात. पायांच्या चामडी मोज्यांवर मसह करायची सवलत आहे, हातमोज्यांवर ती नाही. हात धुवावेच लागतात. ते ठीकच आहे, चूक पुढे होते. घाईत हात नीट न पुसता तसेच मोज्यांत कोंबले जातात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ऊब ओढून नेतं. ओल्या लोकरी मोज्यापेक्षा कोरडा उघडा हात खिशात घातलेला बरा. पण हे मला समजलं ते रस्त्यावर पडल्यावर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटी लेक तेव्हा नववीत होती आणि माझ्यासोबतच यायची. तिने मागून माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत हात घातले होते. माझे हात वजूचे ओले, वर बायकोने विणलेले लोकरी मोजे. लोकरीतून वारा आरपार जातो. अर्ध्या वाटेत बोटं दुखायची थांबली. मला वाटलं, सवय झाली. खरं तर दुखणं थांबणं हीच धोक्याची खूण होती.

धुवारीतून एकदम कापसाची बैलगाडी पुढे आली. मागे ना दिवा ना चमकणारी पट्टी. मी ब्रेक दाबला, म्हणजे दाबायला सांगितलं. बोटं लिव्हरवर गेली, पण किती जोर लागतोय ते कळेना. आधी काहीच झालं नाही, मग एकदम पुढचं चाक अडकलं आणि गाडी कडेच्या गिट्टीवर आडवी झाली. माझा गुडघा सोलला. लेकीला खिशातून हात काढायला वेळच मिळाला नाही, ती माझ्या अंगावर पडली, म्हणून वाचली. अल्लाहचे आभार. पण त्या दोन क्षणांत तिच्या तोंडून निघालेलं “अब्बू” मला अजून ऐकू येतं.

शेताच्या बांधावर वेचणीला आलेल्या चार-पाच बायका पऱ्हाटीची शेकोटी करून बसल्या होत्या. दव सुकल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही, ओल्या कापसाला भाव मिळत नाही. त्यांनी लेकीला जवळ बसवलं. मी थेट जाळावर हात धरायला गेलो तर एक म्हातारी ओरडली, “गुरुजी, एकदम जाळावर नोका धरू! काखेत दाबा आंधी.” तिचं बरोबर होतं. बधिर हाताला चटका कळत नाही, कातडी भाजली तरी समजत नाही. मी शहाण्या मुलासारखे हात काखेत घेऊन बसलो. जीव परत येताना बोटांत सुया टोचल्यासारखं झालं. तेव्हा तिच्या हातांकडे लक्ष गेलं. बोंडाची वाळकी टोकं टोचून बोटांना चिरा पडलेल्या, दोन बोटांना लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या.

तेव्हापासून माझा रिवाज ठरला. वजूनंतर बोटांच्या बेचक्यांपर्यंत टॉवेलने पुसायचं, मग चहा, मगच मोजे. आत पातळ सुती जोडी, वर चामड्याची, तीही एक माप मोठी. घट्ट मोजा रक्त अडवतो. मोज्याचं तोंड जॅकेटच्या बाहीत. डब्याच्या पिशवीत एक कोरडी जोडी जास्तीची, कारण धुवारी नुसती दिसत नाही, ती भिजवतेही. अवकाळी पाऊस आला तर सरळ प्लास्टिकच्या पिशव्या, लोक हसले तर हसोत. आणि अंगठा करंगळीला टेकत नसेल तर गाडी थांबवायची, शाळेला उशीर झाला तरी. मुख्याध्यापकांचं बोलणं गिट्टीपेक्षा मऊच असतं.

वर्गात मी याचाही धडा करतो, मास्तरची खोड. उर्दूत हातमोज्यांना ‘दस्ताने’. ‘दस्त’ म्हणजे हात, तोच मराठीतल्या ‘दस्तुरखुद्द’मध्ये बसलाय. ‘सर्दी’ उर्दूत ऋतू आहे, मराठीत नाकात येते. आणि आर्णीला ज्यांचा दर्गा आहे ते बाबा कंबलपोश, म्हणजे कांबळं पांघरणारे. ‘पोश’ आणि आपला ‘पोशाख’ एकाच घरचे. पोरं खिदळतात, पण शब्द विसरत नाहीत.

त्या घटनेनंतरच्या शनिवारी मी बाजारातून लोकरी मोज्यांची एक जोडी घेऊन गेलो. बायका तिथेच बसल्या होत्या. म्हातारीने मोजे उलटेपालटे करून पाहिले. “मले कायले आणले, गुरुजी? हे घालून बोंडात बोट कसं जाईन?” मी ओशाळलो. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. ती मात्र हसली, शेजारणीकडून विळा मागून घेतला आणि दाही बोटांची टोकं एकेक करून कापून टाकली. मग मोजे चढवले, बोटं उघडून-मिटून पाहिली आणि कापलेली टोकं लेकीच्या हातात दिली, “घे, बाहुलीले टोप्या.”

नववीतल्या पोरीला बाहुली कुठली? पण तिने ती टोकं दप्तरात टाकली. त्यातलं एक अजून तिच्या स्कूटीच्या किल्लीला लटकलेलं आहे.