बाबांचं पायलट

जुन्या पायलट क्रोनोग्राफचे फोटो बघत बसणं हा सध्या माझा वीकेंडचा उद्योग आहे. घ्यायची ऐपत? असो!

क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळातच बसवलेलं स्टॉपवॉच. विमानात ते मिरवायला नव्हतं. खाली ओळखीची खूण दिसली की बटण दाबायचं. वेग माहीत असला की उलटलेल्या मिनिटांवरून अंतर कळतं. 1950च्या दशकात फ्रेंच लष्कराने आपल्या टाइप 20 घड्याळांत फ्लायबॅक मागितला तोही म्हणूनच. काटा शून्यावर येऊन लगेच पुन्हा पळायला लागतो, आणि हे सगळं एका दाबात! जाड हातमोजे घालून तीन-तीनदा बटण कोण दाबणार? (आमच्या ऑफिसातल्या यूआयवाल्यांना हे एकदा दाखवायला हवं.)

आता आपल्याकडची गोष्ट. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. सोबतीला गॉगल आणि एक छोटासा स्लाइड रूल, म्हणजे गुणाकार-भागाकार करणारी सरकपट्टी. रेडिओ वगैरे काही नाही. राजोडीच्या किनाऱ्यावरून मुंबईकडे जाणारी विमानं दिसली की मला हमखास ती पट्टी आठवते.

कारण 1952च्या नॅव्हिटायमरमध्ये ब्राइटलिंगने अशीच पट्टी गोल करून वैमानिकाच्या मनगटावर आणली. कडेची रिंग फिरवून 60च्या समोर 120चा वेग आणायचा. मग 25 मिनिटांच्या समोर 50 मैल आपोआप दिसतात. बॅटरी नाही, चिप नाही, नुसते लॉगॅरिदम. मी तर फिदाच आहे.

आमच्या घरात मात्र आहे एचएमटी पायलट. काळी डायल, रोज चावी द्यायची, आणि क्रोनोग्राफ अजिबात नाही. 1961 साली सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूत घड्याळं करायला लागलेल्या एचएमटीने नाव तेवढं आकाशातलं दिलं. बाबांनी त्यावर आयुष्यभर नालासोपाऱ्याहून चर्चगेट लोकल पकडली. म्हणजे टायमिंगचं काम त्यानेही केलंच की!

आता खाऱ्या हवेने डायलवर डाग पडलेत. दुरुस्तीवाला म्हणतो, नवीन रंगवून देतो, शोरूमसारखं. मी आडवा पडलोय. बाजारात रंगवलेली पायलट ढिगाने मिळतात, मूळ डायल मिळत नाही. एचएमटी वॉचेस बंद करायला तर सरकारने 2016 मध्येच मंजुरी दिली. पण बाबा म्हणतात, "अरे, मला आकडे दिसत नाहीत. तुला फोटो काढायचेत, मला वेळ बघायचीये."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. सध्या फक्त तेलपाणी करायचं आणि काच बदलायची, असं ठरलंय. शनिवारी नालासोपाऱ्याला नेणार आहे. बाबाही येतो म्हणालेत, लक्ष ठेवायला.